दाराचं म्हणणं

भाडेकरूच्या कचऱ्याच्या डब्यात रोज सकाळी डोकावणारी घरमालकीण मी दुसरी पाहिली नाही. घरांचे नकाशे काढून देण्याचं ऑफिस मी केजला टाकलं, तेव्हा बसस्टँडमागच्या गल्लीत बाईंची पुढची खोली भाड्याने घेतली. भाडं वाजवी, खोलीला दोन खिडक्या, पाणी चोवीस तास. अट एकच होती. या घरातून कुठलीही वस्तू बाहेर फेकायची तर आधी बाईंना दाखवायची. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, मनावर कशाला घ्या. दुसऱ्याच दिवशी बाई माझा तुटलेला स्टेपलर हातात घेऊन दारात उभ्या.

"हे तू फेकलं कावून?"

"मोडला बाई तो. पिना अडकतात."

"ते तुझं म्हणणं झालं. ह्याचं म्हणणं काय?"

स्टेपलरचं म्हणणं काय, असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. बाई मात्र उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हत्या. शेवटी मी हसत हसत म्हटलं, "त्याचं म्हणणं, माझ्या मापाच्या पिना घाला." बाईंनी मान डोलावली, पिनांचा डबा पाहिला आणि खरंच की, मी आणलेल्या पिना मोठ्या निघाल्या. स्टेपलर अजून चालतो.

हा त्यांचा खाक्याच होता. मोडकी वस्तू घेऊन कोणी आलं की त्याने तिच्या वतीने बोलायचं. गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या, मग सवयीने बोलायच्या. "कुकर म्हणतोय, माझं रबर पातळ झालं." "मिक्सर म्हणतोय, ह्या बाईनं मला हळद दळाया लावली." बाईंचं म्हणणं असं, की माणूस आपली तक्रार सांगताना चिडतो, पण वस्तूची तक्रार सांगायची तर त्याला आधी वस्तूकडे नीट बघावं लागतं.

बाई जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात आरेखक होत्या. नोकरीभर त्यांनी शाळाखोल्या, अंगणवाड्या आणि समाजमंदिरांचे नकाशे काढले. काढले म्हणजे उतरवले. वरून ठरलेला एकच नमुना यायचा, त्यावर गावाचं नाव घालायचं आणि पुढे सरकवायचं. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने एक फेरी मारली. एसटीने, जीपने, कुठे कुठे पायी. आपल्या हाताने काढलेली समाजमंदिरं बघायला. परत आल्या त्या गप्प होऊन. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, चहा गाळताना.

"जिथं गेले तिथं कुलूप. फटीतून बघावं तर आत कडबा. कुणाचा तरी कडबा, कुणाची तरी सोयाबीनची पोती. किल्ली म्हणे पाटलाकडं, पाटील म्हणे लग्नाला गेलेत."

"मग काय केलंत?"

"काय करणार? कडबा बघून आले."

त्या हसल्या आणि कप माझ्यापुढे सरकवला. स्वतःच्या डोक्यातली, स्वतः ठरवलेली एकही इमारत त्यांच्या नावावर नव्हती. एकटा जीव, पेन्शन, घरभर मोडक्या वस्तू. कपिलधारला धबधबा बघायला लोक जातात आणि प्रसाद घेऊन येतात. बाई गेल्या आणि वाऱ्याने उलट्या झालेल्या, लोकांनी टाकून दिलेल्या छत्र्यांची मोळी घेऊन आल्या. एसटीच्या कंडक्टरने म्हणे त्या मोळीचं तिकीट मागितलं होतं.

या बाईंच्या हातून एक इमारत झाली, ती कशी झाली ते सांगते.

अर्ध्या तासावरच्या एका गावाचे सरपंच माझ्याकडे नकाशा काढून घ्यायला आले. सरपंच त्यांची बायको होती. निवडून त्या आल्या होत्या, सह्या त्या करायच्या आणि बोलायचे हे. सगळे ह्यांनाच सरपंचसाहेब म्हणायचे आणि ह्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. समाजमंदिराला निधी आला होता आणि मार्चअखेरच्या आत तो खर्ची पडायला हवा होता. मी टेबलाचा खण उघडून तयार नमुना काढतच होते, तेवढ्यात बाई माझ्या कचऱ्याच्या डब्यासह आत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"तुमच्या गावात एक समाजमंदिर हाय ना?"

"हाय की."

"त्यात काय हाय?"

सरपंचसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "कडबा."

"आन् दुसऱ्यात काय भरणार?"

माणूस खोटं बोलणारा नव्हता. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "खत."

बाई डबा खाली ठेवून खुर्चीवर बसल्या. त्यानंतर तासभर त्या बोलत होत्या. गावात मोडक्या वस्तू दुरुस्त करायची एक जागा बांधा, म्हणाल्या. ज्याला जे येतं त्याने ते तिथे बसून करावं. बसस्टँडमागचे रफिकभाई जळालेले पंखे आणि पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात, ते बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतील. ज्याला वस्तू नको असेल त्याने तिथे ठेवावी, ज्याला हवी त्याने न्यावी. मी मनात म्हटलं, हे काही या गृहस्थांच्या गळी उतरायचं नाही. पण बाईंनी शेवटी एक वाक्य टाकलं. "जिल्ह्यात असं कुठंच न्हाई." सरपंचसाहेब सरळ बसले. पेपरात आपला फोटो त्यांना तिथेच दिसला असावा. कागदावर 'बहुउद्देशीय सभागृह' असं लिहून टाकलं, म्हणजे कोणी काही विचारायला नको.

मग सुरू झाली बाईंची मोजमापं. जागा होती जुन्या कोंडवाड्याची. गावातली मोकाट गुरं पूर्वी कोंडत, ती पडकी भिंत. मी स्कूटी चालवायची आणि बाईंनी मागे बसायचं, मांडीवर शिंप्याची फीत, पिशवीत खडू. मला वाटलं, त्या जागा मोजतील. त्यांनी जागेकडे बघितलंसुद्धा नाही. पारावरच्या एका आजोबांना त्या म्हणाल्या, "बसा. समजा स्टो हाय तुमच्यापुढं. पिन मारा."

"कुठाय स्टो?"

"समजा म्हनलं ना."

आजोबांनी नसलेल्या स्टोला पिन मारली. बाईंनी त्यांच्या गुडघ्यापासून कोपरापर्यंत फीत लावली आणि फरशीवर खडूने खूण केली. मग एका आजीला नसलेली गोधडी टाचायला बसवलं. तिचे पाय कुठवर पसरतात, उजेड कुठल्या खांद्यावरून लागतो, उठताना हात कशाला टेकते, सगळं पाहिलं. शाळेतल्या पोरांना तर हा खेळच मिळाला. कोणी नसलेली सायकल पंक्चर काढतोय, कोणी नसलेला रेडिओ उघडतोय. मी शिकले तेव्हा आम्हाला खोली शिकवली होती, लांबी गुणिले रुंदी. माणसाचं बसणं आधी मोजायचं आणि त्याच्याभोवती भिंत घालायची, हे मी त्या पारावर पहिल्यांदा पाहिलं. मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

नकाशा बाईंनी काढला, सही माझी. भिंती परळीच्या राखेच्या विटांच्या. वीजघरात कोळसा जळून जी राख उरते तिच्या त्या विटा. "जळाल्यावर बी कामाला येतंय बघ," असं म्हणत त्या प्रत्येक विटेवर टिचकी मारून आवाज ऐकायच्या. गवंडी वैतागून जायचा. जोत्याला कोंडवाड्याचेच दगड. आजोबांच्या गुडघ्याच्या उंचीचे कट्टे, आजीच्या डाव्या खांद्यावरून उजेड देणाऱ्या खिडक्या. दार पाडलेल्या शाळेतून आणलेलं, जुन्या सागाचं, एका झडपेचं. धूळ आत येऊ नये आणि म्हाताऱ्यांना वारा लागू नये म्हणून मुद्दाम आटोपशीर. मार्चअखेर इमारत उभी राहिली. रफिकभाई आत येऊन गोल फिरले आणि म्हणाले, "बाई, इथं बसल्यावर मानूस भांडनार न्हाई."

उद्घाटन तेवढं राहिलं होतं, कारण ज्या पुढाऱ्याला बोलवायचं होतं त्याची तारीख मिळत नव्हती.

पाडव्याच्या मागेपुढे ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आल्या. ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रंका, कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, सहा महिने उघड्यावर वापरलेली भांडी. गावात एकदम आवाज आला. आणि मोडलेलं म्हणाल तर काय नव्हतं. गाडीची चाकं, जू, ट्रॉलीचा फाळका, बिजागरी निखळलेल्या पेट्या. हे सगळं दुरुस्तीघराकडे आलं. बाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आलं खरं, पण आत आलं नाही. रस्त्यावर, उन्हात, दुरुस्तीघराच्या भिंतीला टेकून माणसं कामाला बसली. रफिकभाईंनीही आपलं वेल्डिंगचं मशीन बाहेरच मांडलं आणि वर ताडपत्री बांधली. आत कट्टे रिकामे, खिडक्यांतून उजेड सुरेख पडलेला आणि माणूस नाही. दुपारी दोन आजोबा तेवढे झोपायला यायचे.

बाई रोज जाऊन आत बसत. मी एकदा दुपारी गेले तेव्हा आजीच्या मापाच्या त्या कट्ट्यावर त्या एकट्या बसलेल्या. बाहेरून हातोड्याचे आवाज येत होते.

"पोरी, हे बी कडब्याचंच झालं गं," त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, लोकांना विचारून बघू. त्या म्हणाल्या, विचारलं. सगळे म्हणतात, लई चांगलं बांधलंय बाई. बरोबरच होतं. या वयाच्या बाईने उन्हातान्हात उभं राहून बांधलेल्या घराला तोंडावर नाव कोण ठेवणार? त्यात आदल्याच दिवशी सरपंचसाहेब म्हणून गेले होते, "तसं बी मोकळंच हाय, तर मिरगाच्या पेरनीपुरतं खत ठिवू का आत?"

त्याच दिवशी कुशावर्ताबाई आल्या. नवरा-बायको दोघं कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊस तोडायला जाणारी, साताऱ्याकडून परत आलेली. त्यांच्या बैलगाडीचा, दोन चाकांना जोडणारा लोखंडी आख वाकला होता. नवऱ्याने गाडी दारापुढे आणून उभी केली, बैल सोडले आणि तो सावली बघून बसला. कुशावर्ताबाई पाणी मागायला आत आल्या. बाईंनी तांब्या दिला आणि विचारलं, "गाडी आत का न्हाई आणली?"

"आसू द्या बाई. बाहीर बरंय."

"ऊन किती हाय."

"आमाला काय ऊन न्हाई लागत."

ते सहा महिने उसात काढलेल्या बाईचं उत्तर होतं. बाईंनी तांब्या परत घेतला आणि उठून दारावर हात ठेवला.

"कुशावर्ता, तुझं म्हणणं नको सांगू. तू काय माझ्या तोंडावर सांगणार न्हाईस. ह्याचं म्हणणं काय, ते सांग."

"कुनाचं?"

"ह्या दाराचं."

कुशावर्ताबाई हसायला लागल्या. मी काय येडी हाय का, म्हणाल्या. दुपारच्या झोपेला आलेल्या एका आजोबांनी त्यांना समजावलं, अशीच रीत हाय हितली, बोल. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दाराकडे खालपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि मग त्या बोलल्या. हसत सुरू केलं, पण पुढे हसल्या नाहीत.

"मी म्हातारीच्या मापाचं दार हाय. माज्यातून म्हातारी येती, शेरडू येतंय, शाळंतलं लेकरू येतंय. गाडी न्हाई येत. मला बसवताना कुनी ईचारलंच न्हाई की बाकीचं गाव कुठं गेलतं."

बाई माझ्याकडे वळल्या. "आपण पौषात मोजलं, पोरी."

खरं होतं. आम्ही दोघी या जिल्ह्यात वाढलो. दिवाळी झाली की गाव कारखान्याला जातं, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. आणि म्हणूनच आम्हाला ते दिसलं नाही. पुण्या-मुंबईचा माणूस त्या गावात हिवाळ्यात आला असता, तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, इथली तरणी माणसं कुठे आहेत? आम्हाला मात्र कुलपं लागलेली घरं आणि पारावरचे म्हातारे म्हणजेच गाव वाटलं, कारण हिवाळ्यातलं गाव आम्ही जन्मापासून तसंच पाहत आलोय. घरी उरलेल्यांच्या गुडघ्यांची मापं घेऊन आम्ही सगळ्या गावाची इमारत बांधली होती.

मला वाटलं, बाई आता खचतील. पण त्यांचे डोळे एखादा बिघाड सापडल्यावर व्हायचे तसे झाले होते. त्यांनी पिशवीतून फीत काढली.

"कुशावर्ता, गाडी आण दारापाशी. आन् धन्याला म्हणावं, वर बस. त्याचे गुडघे किती बाहेर येतात ते बघायचंय."

गाडी आली. धनी बसला, तोही लाजत लाजत. बाईंनी चाकाच्या बाहेर माणूस चालेल एवढी जागा दोन्हीकडे धरली आणि नव्याकोऱ्या भिंतीवर खडूने मोठी चौकट ओढली. जुनं दार त्या चौकटीत कुठल्या कुठे हरवून गेलं. मी म्हटलं, बाई, एवढी भिंत काढायची तर वर आधार लागेल. त्या म्हणाल्या, मग दे, तू इंजिनिअर कशाला झालीस? केजच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एक दुकान पाडत होते, तिथला लोखंडी गर्डर मिळाला. मी हिशेब केला, टेकू दिले, गर्डर चढवला.

हे चालू असताना सरपंचसाहेब मोटारसायकलवरून आले आणि उतरायचंच विसरले.

"बाई, उद्घाटन व्हायचंय आजून."

"होऊ द्या की."

"दारच काढलं. फीत कुठं बांधायची?"

"गाडीला बांधा," बाई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. पुढाऱ्याची तारीख काही मिळाली नाही. सह्या करणाऱ्या खऱ्या सरपंचबाई शेतातून आल्या, त्यांनी हात धुतले आणि कुशावर्ताबाईंच्या गाडीच्या जुवाला बांधलेली फीत कापली. मग पाच-सहा जणांनी ती वाकडी गाडी लोटत आत नेली. पेपरात फोटो आला. त्यात गाडीच मोठी दिसते, सरपंचसाहेब चाकामागे आहेत.

काढलेल्या विटांपैकी एकही बाईंनी फेकू दिली नाही. गाडी चढायला उतार त्यांचाच केला. सागाचं दार आडवं करून चार पायांवर ठेवलं, ते कामाचं टेबल झालं. कट्टे राहिले, कारण आजोबा आणि आजी होतेच. एवढ्या मोठ्या उघड्या भिंतीला शटर लावावं असं माझ्या डोक्यात होतं, पण मूळ अंदाजपत्रकात ते नव्हतं आणि नवीन कोण मंजूर करणार? बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा जास्तच शांतपणे "बरं" म्हणाल्या.

त्या 'बरं'चा अर्थ मला दिवाळीनंतर कळला. टोळ्या पुन्हा गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी दुरुस्तीघरात जत्रा होती. कोयत्याच्या मुठी, ट्रंकांच्या कड्या, गाड्यांची चाकं. दुसऱ्या दिवशी गाव रिकामं. मी बाईंना घ्यायला गेले होते. बाई दाराच्या टेबलावर कुणाचा तरी कंदील उघडून बसल्या होत्या, कट्ट्यावर नेहमीचे दोन-तीन म्हातारे. सरपंचसाहेब आले. त्यांच्या हातात केजहून आणलेलं भलंमोठं कुलूप आणि साखळी.

ते आत आले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुलूप धरलेला हात थोडा वर झाला आणि तिथेच राहिला. अडकवायला काही नव्हतं. भिंतीला भगदाड आणि दाराचं टेबल झालेलं.

बाईंनी मान वर केली नाही. "ह्याचं म्हणणं काय?"

"कुनाचं? कुलपाचं?" सरपंचसाहेब गोंधळले. "ह्याचं काय म्हननं आसनार बाई, नवं हाय. ह्याला कायबी झालं न्हाई."

"मग दुरुस्तीघरात कावून आणलं?"

म्हातारे खोकेपर्यंत हसले. सरपंचसाहेबही शेवटी हसले आणि साखळी खिशात कोंबत निघून गेले. येताना स्कूटीवर बाई मागे गुणगुणत होत्या. गाणं कुठलं ते वाऱ्यात कळलं नाही, पण त्यांना गाताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाई आता नाहीत. दोन पावसाळे झाले. घर त्यांच्या भाच्याने घेतलं, त्याने पहिल्या आठवड्यात सगळ्या वस्तू टेम्पोत घालून भंगारात द्यायला काढल्या. मी तो टेम्पो दुरुस्तीघराकडे वळवला. माझं ऑफिस आता मेन रोडवर आहे. कचऱ्याच्या डब्यात कोणी डोकावत नाही. काही फेकताना हात मात्र थांबतो आणि मला त्यांची फार आठवण येते.

परवा त्या गावावरून जात होते, तेव्हा दुरुस्तीघराकडे वळले. वेळ दुपारची. स्कूटी लावली आणि आत शिरायच्या आधीच वास आला. कडब्याचा. पुढे झाले तर आत खरंच कडबा, छतापर्यंत रचलेला. पाय तिथेच थांबले. बाईंना आता काय सांगायचं, हेच पहिलं मनात आलं, जणू त्या घरी वाट बघत बसल्या होत्या.

मग डोळे सावलीला सरावले. कडब्याखाली चाकं होती. भरलेली गाडी तशीच्या तशी आत आणून उभी केली होती आणि कुशावर्ताबाई तिच्याखाली आडव्या होऊन आख बघत होत्या. त्यांची फक्त पावलं बाहेर दिसत होती.

"कोन हाय?" त्यांनी खालूनच विचारलं. मी नाव सांगितलं.

"या, या. मंग? काय आनलंय? ह्याचं म्हननं काय?"

माझे हात रिकामे होते. मी म्हटलं, काही नाही, सहज आले, आणि आजीच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसले.